मात्रा लागू पडली

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात काय लिहावे, याविषयी वाचकांची काही ठरलेली अपेक्षा असते. एखाद्या म्हणीचे मूळ, एखाद्या संतकवीच्या जन्मस्थानाचा वाद, फार तर उत्तरपत्रिकांतील गमतीजमती! यंदा मी लिहिणार आहे भुलीच्या इंजेक्शनाविषयी. तेही सबंध माणसाला निजवणाऱ्या भुलीविषयी नव्हे; एकट्या हातापुरत्या दिलेल्या भुलीविषयी, आणि त्यातही ती किती द्यावी याविषयी. हा प्रांत माझा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण दोन वर्षांपूर्वी, दिवाळी अवघी नऊ दिवसांवर आली असताना, हा विषय आपण होऊन आमच्या घरी चालत आला. आणि आला तो आईच्या उजव्या मनगटावर बसून.

घडले ते असे. आईचे वय त्या वेळी शहात्तर. माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढायला ती स्टुलावर चढली. सून कामावर गेलेली, नात शाळेत, आणि अस्मादिक कॉलेजात शब्दशक्तींचे प्रकार समजावून देण्यात गुंतलेले. स्टूल कलंडले, आई हातावर पडली. मी घरी पोहोचलो तेव्हा ती शेजारच्या काकूंच्या खुर्चीत हात मांडीवर धरून बसली होती आणि मला पाहताच म्हणाली, "सोऱ्या शाबूत आहे हो!"

मनगट मात्र शाबूत नव्हते. हाड मोडून जागचे सरकले होते. प्लास्टरने भागणार नाही, धातूची पट्टी व स्क्रू बसवावे लागतील, असे हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले. एवढ्यावर संपते तर ठीक होते. पण आईची छाती जुनी दुखणाईत. लग्नानंतरची तीस वर्षे कोकणातल्या घरी चुलीपुढे गेलेली. त्या धुराने फुप्फुसांत जे घर केले ते पुण्याला आल्यावरही सोडले नाही. थंडी पडू लागली की तिचा श्वास शिट्टी वाजवू लागतो. अशा छातीला संपूर्ण भूल सोसेल का, ही काळजी. "तो निर्णय आमच्या भूल देणाऱ्या मॅडम घेतील," असे म्हणून हाडांचे डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळले.

पन्नासच्या आसपास

संध्याकाळी त्या डॉक्टरबाई आल्या. वय पस्तिशीचे, बोलणे वऱ्हाडी वळणाचे, हातात एक फॉर्म. आईची छाती त्यांनी पुढून, मागून, बाजूने ऐकली. मग प्रश्नांना सुरुवात झाली. कोणती औषधे चालू आहेत? दात काढताना इंजेक्शन घेतले होते का, त्या वेळी काही त्रास झाला होता का? शेवटचे कधी खाल्ले? मी हुशार विद्यार्थ्यासारखा पटापट उत्तरे देत होतो.

"वजन किती?"

"पन्नासच्या आसपास."

"आसपास म्हणजे किती, सर?"

"पन्नासच धरा की!"

बाईंनी लेखणी थांबवली. "धरायला हा वाण्याचा हिशेब नाही, सर. आजींना दोन पावले चालता येईल ना?"

व्हरांड्यात वजनाचा काटा होता. गळ्यात अडकवलेल्या झोळीत हात घेऊन आई त्यावर उभी राहिली. काट्यावर आकडा उमटला : ३८.

मी म्हटले, "काटा बिघडलेला दिसतो." बाईंनी मला त्यावर उभे केले. माझ्या बाबतीत तो मुळीच बिघडलेला नव्हता.

मग मी मनाशी शोधू लागलो, की हा पन्नासाचा आकडा आपल्या डोक्यात आला कोठून? आणि आठवले. पूर्वी रेल्वे स्टेशनांवर लाल-पिवळ्या दिव्यांची वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापलेले पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. बाबा असताना आम्ही सगळे गावी निघालो होतो, तेव्हा आईचे असे तिकीट मी वाचून दाखवले होते. त्याला वीस वर्षे होऊन गेली! वीस वर्षांपूर्वीच्या तिकिटावरचे वजन मी डॉक्टरांना आजचे म्हणून सांगत होतो. आई रोज डोळ्यांसमोर वावरत होती. तिच्यातले बारा किलो कधी उतरले ते मला कळलेही नव्हते.

एका चमच्याचा फरक

एवढा आग्रह कशासाठी, हे डॉक्टरबाईंनी मला त्याच व्हरांड्यात समजावून सांगितले. ते ऐकताना माझ्या मनात आमचा एक शब्द घोळत राहिला : मात्रा.

काय गंमतीचा शब्द आहे पहा! अक्षराच्या डोक्यावर ती असते, तेव्हा 'कर' चे 'केर' होते. छंदात ती असते. ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन, आणि एक जरी चुकली तरी ओळ लंगडते. वैद्याच्या बटव्यात ती असते, आणि हेमगर्भाची मात्रा उगाळायला घेतली की घरातली माणसे डोळे पुसू लागत. एखादा अट्टल माणूस कोणालाच दाद देत नाही तेव्हा 'याच्यापुढे मात्रा चालत नाही' असे आपण म्हणतो. या सगळ्यांच्या मुळाशी अर्थ एकच : माप. माप चुकले की शब्द बदलतो, ओळ लंगडते आणि औषधाचे विष होते.

बाईंनी सांगितले ते थोडक्यात असे. आपल्या नसा म्हणजे तारा. तारेवरून दुःखाची वर्दी मेंदूकडे जाते ती सोडियमच्या जोरावर. जो आपल्या मिठात असतो तोच सोडियम. नसेच्या भिंतीला बारीक दारे असतात. ती उघडतात, सोडियम आत शिरतो, आणि वर्दी एका दारावरून दुसऱ्या दाराकडे धावत सुटते. भुलीचे औषध ही दारे आतून लावून घेते. वर्दी थांबते, हाड कापले, स्क्रू पिळला, तरी मेंदूला पत्ता नसतो. काही तासांनी औषध निघून जाते, दारे पुन्हा उघडतात.

"मग भरपूर औषध घातले तर काम पक्के होईल!" माझा भाबडा तर्क.

"तीच तर मेख आहे, सर. तशीच दारे मेंदूत आहेत आणि हृदयातही आहेत."

नसेभोवती घातलेले औषध हळूहळू रक्तात उतरते. बेताचे असेल तर शरीर त्याची वासलात लावते. जास्त झाले, किंवा सुई नकळत रक्तवाहिनीत जाऊन सगळे एकदम रक्तात मिसळले, तर ओठांभोवती मुंग्या येतात, तोंडाला धातूची चव येते, कान वाजू लागतात, माणूस असंबद्ध बोलतो. मग झटके येतात, आणि शेवटी हृदय बंद पडू शकते. म्हणून प्रत्येक औषधाला माणसाच्या वजनागणिक मर्यादा घातलेली आहे. दाताच्या दवाखान्यामुळे आपल्या ओळखीचे झालेले लिडोकेन, म्हणजे आपले झायलोकेन, अॅड्रिनलीन मिसळून दिले तर किलोमागे सुमारे ७ मिलिग्रॅमपर्यंत. एरवी त्याहून बरेच कमी. पुष्कळ तास टिकणारे बुपिव्हकेन किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम. रोपिव्हकेन ३. दोन औषधे मिसळली तर प्रत्येकाची मर्यादा वेगवेगळी धरून चालत नाही. दोघांची विषे एकाच खात्यावर मांडली जातात. आणि माणूस वृद्ध किंवा अशक्त असेल तर या मर्यादेच्याही पुष्कळ अलीकडेच थांबायचे.

बाटलीवर लिहिलेले असतात टक्के, आणि हिशेब करायचा मिलिग्रॅममध्ये. एक टक्का म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम. अर्थात एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. अर्धा टक्का असेल तर ५ मिलिग्रॅम. मी मराठीचा एम. ए.; गणिताशी माझे मॅट्रिकपासून वाकडे. तरी तो हिशेब मी तिथेच बोटांवर केला. पन्नास किलोच्या आईला बुपिव्हकेनची मर्यादा १०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या बाटलीतले २० मिलिलिटर. अडतीस किलोच्या आईला ७६ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम १५. मधला फरक पाच मिलिलिटरांचा. आपल्या घरातला एक चहाचा चमचा!

त्या एका चमच्याइतके मी बेफिकीरपणे, 'पन्नासच धरा की' म्हणून, आईच्या अंगात घालायला निघालो होतो.

अंधारातील सुई

पुढे हा विषय मी जमेल तसा वाचून काढला. (प्राध्यापकाची खोड! संकट टळल्यावर तो ग्रंथालयात जातो.) वाचले ते एखाद्या कादंबरीहून कमी रंजक नाही.

१८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर नावाचा एक तरुण डॉक्टर होता. पुढे मनोविश्लेषणाबद्दल जगप्रसिद्ध झालेला सिग्मंड फ्रॉइड हा त्याचा सहकारी, आणि तो त्या दिवसांत कोकेनचा अभ्यास करीत होता. कोकेनने जीभ बधिर होते हे पुष्कळांच्या अनुभवाचे होते. पण मग डोळाही बधिर होईल, हे कोलरच्या ध्यानात आले. त्या काळी डोळ्याची शस्त्रक्रिया जागेपणी, वेदना सोशीत करावी लागे. सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गला नेत्रवैद्यांची परिषद होती. कोलरपाशी जाण्यायेण्याला पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टरने वाचून दाखवला. परंतु ती बातमी थोड्याच दिवसांत अमेरिकेपर्यंत पोहोचली.

न्यूयॉर्कला विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने ती उचलली. हाताला जाणाऱ्या साऱ्या नसा मानेच्या तळाशी एकत्र येतात, एकमेकींत गुंफतात आणि मग बगलेतून हातात उतरतात. हॉल्स्टेडने मानेत छेद घेऊन ते जाळे उघडे केले आणि त्यावर कोकेन सोडले. हात बधिर झाला. पण हे प्रयोग त्याने व त्याच्या सोबत्यांनी स्वतःवरही केले, आणि किती घ्यावे याचे माप कोणालाच ठाऊक नव्हते. हॉल्स्टेडला कोकेनचे व्यसन जडले. ते सोडवण्यासाठी मॉर्फीन दिले, तर त्याचेही जडले. जॉन्स हॉपकिन्सचा तो थोर सर्जन म्हणून इतिहासात अमर आहे. पण मात्रा चुकण्याची किंमत त्याने जन्मभर मोजली.

१९११ साली जर्मनीत डीड्रिक कुलेनकाम्फने छेद न घेता, गळ्याच्या हाडाच्या वरून नुसत्या सुईने ते जाळे गाठण्याची रीत काढली आणि तीही आधी स्वतःच्या हातावर करून पाहिली! १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन व बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन तयार केले. लुंडक्विस्टनेही ते आधी स्वतःला टोचून घेतले. १९४८ पासून ते झायलोकेन या नावाने विकले जाऊ लागले. १९५७ साली बुपिव्हकेन आले. त्याचा अंमल दीर्घ, म्हणून ते लोकप्रिय झाले. पण १९७९ साली ऑलब्राइट नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाने इशारा दिला, की त्याने हृदय अकस्मात बंद पडू शकते आणि पुन्हा चालू होता होत नाही.

औषधे सुधारली, सुई मात्र अंधारातच चालत होती. नस दिसत नाही. हाडाच्या खुणा चाचपायच्या, धमनीची धडधड बोटाखाली धरायची आणि सुई आत घालायची. रुग्णाच्या बोटांत झिणझिण्या आल्या की 'सापडली!' म्हणायचे. पुढे सुईतून विजेचा हलका झटका देऊन बोट उडते का ते पाहू लागले. तरीही नेमकी जागा कळत नाही ती नाहीच. म्हणून मग औषध भरपूर ओतायचे, ३०-४० मिलिलिटरपर्यंत. कोठेतरी तरी ते नसेला जाऊन भिडेल, या आशेवर. आमच्या लहानपणी नळाला पाणी नसले की टँकरवाला चाळीच्या तोंडाशी पाणी सोडून द्यायचा. ज्याच्या घागरीत पडेल त्याच्या पडेल! तसलाच प्रकार.

१९९४ साली हा अंधार फिटू लागला. श्टेफान काप्राल आणि त्याचे सहकारी यांनी ध्वनिलहरींच्या यंत्राने, म्हणजे सोनोग्राफीने, सुई व औषध डोळ्यांनी पाहत हाताची भूल दिली. गाव कोणते? पुन्हा व्हिएन्नाच! कोलरच्या कोकेनला त्या वर्षी बरोबर एकशे दहा वर्षे झाली होती.

दिसू लागल्यावर साहजिकच प्रश्न उभा राहिला : आता औषध कितीत भागेल? २००८ साली टोरोंटोच्या डॉक्टरांनी मानेतून द्यायच्या भुलीसाठी २० मिलिलिटर आणि ५ मिलिलिटर यांची तुलना केली. खांद्याच्या वेदनेला दोन्ही सारखीच पुरली. पण मानेत, त्या जाळ्याजवळूनच, श्वासपटलाला चालना देणारी नस जाते. वीस मिलिलिटरने त्या बाजूचे श्वासपटल शंभरातल्या शंभर रुग्णांत काही काळ लुळे पडले, पाचने पंचेचाळीसांत. पुढच्या वर्षी आयर्लंडमध्ये बगलेतल्या एकेका नसेला एक-एक मिलिलिटर पुरते असे दिसून आले. पण म्हणून सगळीकडेच कात्री चालवावी असे नाही. त्याच वर्षी गळ्याच्या हाडावरून द्यायच्या भुलीचे माप काढले, तेव्हा तेथे औषध फारसे कमी करता येत नाही असे आढळले. जागा बदलली की मात्रा बदलते. आमच्या व्याकरणासारखेच आहे हे.

द्राक्षांचा घोस आणि भाजणी

आता पुन्हा आईकडे. मानेतून दिले तर श्वासपटल निजण्याची भीती. गळ्याच्या हाडावरून दिले तर फुप्फुसाचे टोक सुईपासून जवळ. तेव्हा बाईंनी बगलेची वाट निवडली. "आजींच्या छातीला माझ्यामुळे धक्का लागायला नको," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने एक अट घातली : 'मुलगा शेजारी उभा राहील.' आईची अट आमच्या घरी आजवर कोणी मोडली नाही. बाईंनीही मोडली नाही. शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेरच्या खोलीत मला हिरवा झगा व टोपी चढवून उभे केले. यंत्रामागच्या भिंतीवर कायद्याने लावावी लागते ती पाटी होती : 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' आईने चष्म्यातून ती सावकाश वाचली आणि म्हणाली, "अगो, शहात्तराव्या वर्षी मला ती काळजी नाही हो!" खोलीतला ताण त्या एका वाक्याने निम्मा झाला.

आईच्या नाकाला प्राणवायूची नळी, बोटाला चिमटा, डाव्या हाताला सलाईन. बाईंनी बगलेवर यंत्राचा दांडा टेकवला. त्यातून सेकंदाला एक कोटीहून अधिक कंपने असलेला, आपल्या कानांना न ऐकू येणारा ध्वनी आत जातो, आतल्या वस्तूंवर आपटून परततो आणि पडद्यावर चित्र उमटते. मला ते आधी पावसाळी ढगांचे दिसले. मग बाईंनी बोट ठेवून दाखवले. हे धडधडणारे काळे वर्तुळ म्हणजे धमनी. दाबले की चपटी होते ती शीर. आणि धमनीच्या अवतीभोवती द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात त्या नसा. तीन धमनीला बिलगून, चौथी जरा दूर, स्नायूंच्या घडीत. ज्या नसांच्या बळावर या बाईने पन्नास वर्षे आम्हांला रांधून घातले, त्या मी त्या दिवशी प्रथम पाहिल्या.

सुई पडद्यावर चकाकत्या रेघेसारखी आत सरकली. बाई आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहत, मग थोडे औषध सोडीत आणि थांबत. औषध गेले की नसेभोवती काळे तळे साचे आणि नस त्यात बेटासारखी उभी राही. प्रत्येक नसेला तीन मिलिलिटर. चार नसा, बारा मिलिलिटर. म्हणजे ६० मिलिग्रॅम. मर्यादा ७६ ची. मी श्वास सोडला.

मग बाईंनी एक स्टूल ओढले आणि आईशी गप्पा सुरू केल्या. "आजी, चकली कुरकुरीत कशी होते हो? माझी नेहमी मऊ पडते."

आई खुलली. "भाजणी कशी करतेस ते सांग आधी. चार वाट्या तांदूळ. हरभऱ्याची डाळ दोन. मुगाची एक, उडदाची एक. धणे-जिरे वेगळे."

"मोहन किती घालायचे? अंदाजाने?"

"छे! भाजणीला अंदाज चालत नाही. मोहन कमी पडले तर चकली दगड होते. जास्त झाले तर तेलात विरघळते. वाटी बदलायची नाही आणि माप सोडायचे नाही!"

"आमचेही तसेच आहे, आजी," बाई म्हणाल्या. "तोंडाला काही वेगळी चव येते का? कान वाजतात का?"

"नाही गो."

अशा अर्धा तास गप्पा चालल्या. मला वाटले, काय माणुसकीची बाई आहे! ती आहेच. पण नंतर समजले, की तो अर्धा तास मुद्दाम होता. औषध रक्तात चढत जाते ते साधारण याच काळात. रुग्ण नीट, सुसंगत बोलतो आहे तोवर मेंदू ठीक आहे. माझी आई भाजणीचे प्रमाण सांगत होती आणि बाई तिच्या शब्दाशब्दातून औषधाची मात्रा तपासत होत्या.

थोड्या वेळाने स्पिरिटचा थंडगार बोळा मनगटाला लावला. "गार लागते का?" आई म्हणाली, "कोणाला लावलात?" मग आपल्याच हाताकडे कौतुकाने पाहत म्हणाली, "हा हात माझा नव्हे हो. कोणाचा आणून ठेवलात?"

तेलाचा उतारा

जाता जाता मी भिंतीवरच्या कपाटाकडे बोट दाखवले. दुधासारख्या पांढऱ्या पदार्थाची एक पिशवी तेथे वेगळी ठेवली होती. "ते काय?"

"ते सोयाबीनच्या तेलाचे दुधासारखे मिश्रण. ज्यांना खाता येत नाही त्यांना शिरेतून अन्न म्हणून देतात. आमच्याकडे उतारा म्हणून असते."

त्याचीही कथा आहे. १९९८ साली शिकागोच्या गाय वाइनबर्ग या डॉक्टरने उंदरांवरील प्रयोगांत दाखवले, की बुपिव्हकेनने बंद पडणारे हृदय या स्निग्ध मिश्रणाने सावरू शकते. २००६ साली न्यूयॉर्कमध्ये माणसाचे हृदय अशा रीतीने परत चालू झाल्याची पहिली हकीकत प्रसिद्ध झाली. भुलीचे हे औषध तेलात चटकन मिसळते. रक्तातले तेलकण ते हृदयापासून ओढून नेतात, असे त्याचे साधे स्पष्टीकरण. आणि हा उतारा द्यायचा कसा? वीस टक्क्यांचे मिश्रण, किलोमागे दीड मिलिलिटर. म्हणजे आईला ५७. पुन्हा वजन! विषही वजनावर आणि उताराही वजनावर.

मी न राहवून विचारले, "डॉक्टर, मी पन्नास सांगितले होते. तुम्ही ते तसेच धरले असते तर?"

त्या म्हणाल्या, "आज बारातच भागले, सर, यंत्राची कृपा. पण भूल अपुरी पडली असती आणि आणखी द्यायची वेळ आली असती, तर कोठे थांबायचे ते मला वजनानेच सांगितले असते. चुकीचे वजन म्हणजे चुकीचे कुंपण."

शस्त्रक्रिया तासाभरात आटोपली. आई आत विष्णुसहस्रनाम पुटपुटत होती, असे परिचारिकेने सांगितले. श्वासाने त्रास दिला नाही. रात्री उशिरा बोटे हलू लागली, पाठोपाठ वेदना आल्या. त्यासाठी गोळ्या आधीच देऊन ठेवल्या होत्या.

वाचकहो, हे वाचून कोणी आपल्या डॉक्टरांना मिलिग्रॅम शिकवायला जाऊ नये. तो माझा हेतू नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचे आजचे वजन, त्यांची औषधे, पूर्वी कोणत्या इंजेक्शनाने त्रास झाला असेल तर त्याचे नाव, एवढे एका कागदावर लिहून ठेवावे. ते काम डॉक्टरांचे नव्हे, आपले आहे. 'भूल' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक डॉक्टर देतात. दुसरी आपण करतो. जमाखर्चाच्या वहीत 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहून सुटता येते. रुग्णालयाच्या फॉर्मवर तशी सोय नाही.

राहिले ते बारा किलो. दवाखान्यातून परत आल्यावर एके दुपारी मी ते आईला विचारले. ती आधी हसण्यावारी नेऊ लागली. मग म्हणाली, "अरे, सकाळी तुमची सगळ्यांची घाई. रात्री तुम्ही असता तेव्हा जेवते की मी. दुपारी एकटीला घास घशाखाली उतरत नाही. चहा घेते, दोन बिस्किटे खाते. ते गेल्यापासून हे असेच आहे."

बाबांना जाऊन त्या वेळी अकरा वर्षे झाली होती. अकरा वर्षांच्या दुपारी!

पुढच्या सहामाहीला मी वेळापत्रक लावणाऱ्या सहकाऱ्याच्या हातापाया पडून आठवड्यातल्या तीन दुपारी मोकळ्या करून घेतल्या. शनिवार-रविवार घरची सगळी असतातच. उरलेले दोन दिवस शेजारच्या काकू आपले ताट घेऊन येतात. फार काही केले असे नाही. एकीच्या पानासमोर दुसरे पान मांडले, इतकेच. छातीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, औषधे बदलली, तेही झाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई काट्यावर उभी राहते आणि मी आकडा वहीत टिपतो. गेल्या पाडव्याला ४१ होते. परवाच्या रविवारी ४३ भरले.

यंदाची भाजणी तिनेच भाजली. सोऱ्या आता खालच्या फळीवर असतो. मी शेजारी उभा राहून विचारले, "मीठ किती घालू?"

"चवीपुरते," आई म्हणाली. मग माझ्याकडे पाहून हसली आणि चमचा माझ्या हाती देत म्हणाली, "थांब. तुला नको अंदाज. दोन चमचे, सपाट!"